प्रीमियर पद्मिनी आणि प्रीमियर ११८ एनई

प्रीमियर पद्मिनी आणि प्रीमियर ११८ एनई या मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या दोन वेगवेगळ्या काळांतील मोटारी होत. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन केली. दोन्ही मोटारींचे मूळ इटलीच्या फियाट कंपनीत असले, तरी जुन्या वाहनांच्या संग्राहकांत त्यांना सारखे स्थान मिळालेले नाही.

पद्मिनीचा आराखडा फियाट ११०० चा. ही मोटार १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, पुढे काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावांनी विकली गेली. १०८९ घनसेंमी क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गियर आणि मागच्या कडांचे लहान पंख ही तिची ओळख. परवाना पद्धतीच्या काळात तिच्यासाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तिला घरोघरी परिचित केले. ऑक्टोबर २०२३ अखेर या टॅक्सीची सेवा मुंबईत संपुष्टात आली.

११८ एनई १९८५ मध्ये आली. तिची चौकोनी बांधणी १९६६ च्या फियाट १२४ ची, तर ११७१ घनसेंमीचे इंजिन जपानी निसानचे. नावातील ‘एनई’ ही अक्षरे त्यावरूनच आली. गियर जमिनीवर आला, मागे पाटे-स्प्रिंगऐवजी गुंडाळी-स्प्रिंग आली. चालवण्यास ती पद्मिनीपेक्षा निःसंशय सरस होती. परंतु १९८३ मध्येच मारुती ८०० बाजारात उतरली होती आणि तिच्यापुढे जुन्या सांगाड्यातील नवे इंजिन फिके पडले. टॅक्सीमुळे पद्मिनीचे सुटे भाग दीर्घकाळ मिळत राहिले; ११८ एनईला तेवढा आधार नव्हता.

रायगड जिल्ह्यात हा फरक व्यवहारात जाणवतो. पेण येथील परिवहन कार्यालयाचा सांकेतिक क्रमांक एमएच-०६ असून रोह्यासारख्या तालुक्यांतील वाहनांची नोंदणी तेथे होते. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते. पर्यावरण कर वेगळा. त्यातच पेणची खाडी, रोह्याची कुंडलिका आणि कोकणचा पाऊस! दोन्ही मोटारींना वेगळी चौकट नाही, पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. त्यामुळे तळ आणि दाराखालच्या पट्ट्या गंजल्या, की दुरुस्ती केवळ रंगरंगोटीची राहत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये पुरातन वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी मोटार रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयोमर्यादेत बसू लागल्या आहेत. मात्र काटकसरीसाठी ज्यांच्यात दुसरे डिझेल इंजिन बसवले गेले, त्यांना ही वाट अवघड आहे. सर्वांत जुन्या ११८ एनईलाही या नोंदणीसाठी २०३५ पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत तिच्या मालकाला नेहमीचे नूतनीकरणच करत राहावे लागते.