गॉर्डन हॉल यांचे गाव

सोलापुरात ‘वोरोनोको’ हे नाव शाळेमुळे सर्वांच्या तोंडी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टफील्ड परिसराचे ते जुने नाव, तेथील मूळ रहिवाशांच्या बोलीतले. त्याच डोंगराळ मुलखातून गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस आले व अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरले. मार्च १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने त्यांचे निधन झाले. ते प्रॉटेस्टंट, तेव्हा आमच्या नोंदवह्यांत त्यांचे नाव असणार नाही! तरी त्यांच्या घराण्याचा माग काढताना आम्ही पुष्कळ शिकलो.

चरित्रकार त्यांचा जन्म १७८४ चा, टॉलंडचा, असे सांगतात. परंतु टॉलंडच्या दप्तरात तो शोधणारा फसेल. कारण १८१० पर्यंत टॉलंड हे ग्रॅनव्हिल गावातच मोडत होते. परगणाही १८१२ मध्ये बदलला. अशा वेळी जनगणनेकडे वळावे, तर घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव तीत प्रथम लिहिले गेले १८५० मध्ये. आणि १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीमुळे गेले.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधताना त्या काळी ते गाव कोणत्या धर्मग्रामात होते, हे आधी विचारावे लागते. एकदा एक वृद्ध बाई आमच्याकडून रिकाम्या हातांनी परतल्या. आम्ही चुकीची वही उघडली होती, हे नंतर ध्यानात आले. त्यांचा पत्ता मात्र आम्ही लिहून घेतला नव्हता.