मोडलेल्या जपानी तलवारीचं काय करायचं?

मोडलेली वस्तू हातात आली की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. दुरुस्त करा, नाहीतर टाकून द्या. जुन्या जपानी तलवारींच्या बाबतीत या दोन्हींच्या मध्ये बरंच काही आहे, आणि संग्राहकाची प्रत्येक निवड पुढच्या अभ्यासकाचा पुरावा एकतर राखते किंवा पुसते. तुम्ही उद्या ताम्रपटावर काम करा नाहीतर मंदिराच्या चौथऱ्यावर, हा प्रश्न तुमच्यापुढे येणारच आहे. म्हणून हे उदाहरण.

आधी थोडं तंत्र. जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. मग पातं लालभडक तापवून पाण्यात बुडवतो. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ मऊ राहते. आपल्याकडचे लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. या कडक आणि मऊ भागांच्या सीमेवर जी दुधाळ नक्षी उमटते ती हामोन. ती धारेच्या कडेकडेनं जाते आणि टोकात वळते. पातं कोणत्या घराण्याचं, साधारण कोणत्या काळातलं, हे जाणकार बरंचसं तिच्यावरून ठरवतात.

आता समजा, कोणी दोन तुकडे वेल्डिंगवाल्याकडे नेले. जोड बसेल, पण त्या उष्णतेनं आजूबाजूचं पाणी उतरेल. तलवार लांबून अखंड दिसेल आणि नेमकी वाचायची जागा कोरी होईल. माझ्या मते यापेक्षा दोन तुकडे बरे.

मग करता काय येतं? ते कुठे मोडलंय यावर आहे. टोकाचा छोटा टवका उडाला असेल तर पॉलिश करणारा कुशल कारागीर टोकाला पुन्हा आकार देऊ शकतो, फक्त घासल्यावरही टोकात हामोन उरला पाहिजे. टोक सगळंच गेलं तर नवं टोक काढता येतं, पण त्यात ती नक्षी नसते आणि जाणकार हा मोठा दोष मानतात. पातं मुठीजवळ मोडलं असेल तर गोष्ट वेगळी. वरचा तुकडा लांब असेल तर त्याचाच खालचा भाग घासून मुठीत जाणारा नवा दांडा करता येतो आणि लांब तलवारीची आखूड तलवार किंवा खंजीर होतो.

हे शेवटचं काम काही आधुनिक जुगाड नाही बरं का. घोड्यावरून वापरायच्या लांब तलवारी पुढच्या काळात गैरसोयीच्या ठरल्या, तेव्हा न मोडलेलीसुद्धा कितीतरी पाती अशी खालून कापली गेली. याला सुरिआगे म्हणतात. अडचण एकच. लोहाराची सही त्याच दांड्यावर असते. कापली की सही गेली. मग काही जणांनी सहीचा तुकडा तेवढा कापून नव्या दांड्यात बसवला, काहींनी सहीचा भाग पातळ करून मागे दुमडला. म्हणजे बघा, वस्तू बदलतानाही पुरावा जपायची धडपड होती. जिथे सही उरलीच नाही तिथे होन्आमी या पारख्यांच्या घराण्यानं आपलं मत सोन्याच्या अक्षरांत दांड्यावर जडवलं. ते मत आहे, सही नव्हे. हा फरक विसरू नका.

आता सोझा सामोंजी ही प्रसिद्ध तलवार घ्या. पातं 14व्या शतकातलं मानलं जातं. 1560 मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत इमागावा योशिमोतो मारला गेला आणि त्याची ही तलवार ओदा नोबुनागाच्या हाती आली. त्यानं ती आखूड करून घेतली. लढाईची तारीख आणि नोबुनागाचं नाव सोन्यात जडवलेलं दांड्यावर आहे. पुढे ती तोकुगावांकडे गेली, 1657 च्या मेइरेकी आगीत भाजली, आणि नंतर तिला पुन्हा पाणी दिलं गेलं. आज ती क्योतोच्या केन्कुन देवस्थानाची आहे.

तर मग तिच्या हामोनवरून 14व्या शतकातल्या लोहाराबद्दल काय सांगता येईल? जवळजवळ काहीच नाही, कारण तो आगीनंतरचा आहे. लोखंड एका काळाचं, लांबी दुसऱ्या, हामोन तिसऱ्या. आणि सोन्याची अक्षरं? पोलादाचं पाणी काही शे अंशांवर उतरतं, सोनं हजाराच्या वर वितळतं. अक्षरं आगीतून तशीच आली असतील की नंतर पुन्हा जडवली असतील? तलवार एकच, पण ती चार साक्षीदार मानून प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारायचा.

म्हणूनच ज्याच्याकडे मोडकं पातं आहे त्याला मी आधी ‘काही करू नका’ असंच सांगेन. विशेषतः दांड्यावरचा काळपट गंज घासू नका. घरातलं पितळ चकचकीत करायची आपली सवय इथे घात करते, कारण त्या गंजाचा रंग आणि पोत हाच वयाचा मोठा पुरावा असतो. पातं चांगलं असेल असं वाटलं तर प्रशिक्षित कारागिराकडून एक छोटी ‘खिडकी’ उघडून घ्यावी, म्हणजे थोडीच जागा पॉलिश करून हामोन आणि लोखंडाचा पोत दिसतो का ते पाहायचं. पूर्ण पॉलिशचा खर्च त्यानंतर ठरवायचा. पॉलिशमध्ये प्रत्येक वेळी थोडं पोलाद जातं आणि ते परत येत नाही.

धारेला आडवी चीर गेलेलं किंवा पाणी उतरलेलं पातं बाजारात फारसं किमतीचं नसतं, अभ्यासाला मात्र सोन्यासारखं. अखंड तलवारीचा छेद कोण घेऊ देईल? मोडक्या पात्याच्या तुटलेल्या तोंडावर आतलं मऊ लोखंड आणि बाहेरचं कडक पोलाद यांची मांडणी तपासता येते. ब्रिटनमधल्या आयसिस केंद्रात न्यूट्रॉन किरणांनी जपानी पात्यांची रचना न कापता तपासली गेली आहे. तेव्हा तुकडे दोन असतील तर दोन्ही ठेवा, प्रत्येकाची लांबी मोजा, दांड्याच्या दोन्ही बाजूंचे आणि तुटलेल्या तोंडाचे फोटो काढा, आणि तुटलेल्या जागेला फाइल लावू नका.