रत्नागिरीतील पर्यटनस्थळे

रत्नागिरी हे महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरील बंदराचे शहर असून त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्यालय आहे. हापूस आंबा व समुद्रकिनारे ही त्याची सर्वपरिचित ओळख असली, तरी शहरातील काही महत्त्वाच्या वास्तू त्याच्या पूर्वीच्या दुर्गमतेची आठवण देतात. पूर्वेस सह्याद्रीचे घाट असल्याने मुंबईहून येथे येण्याचा सोयीचा मार्ग आगबोटीचा होता, आणि पावसाळ्यात तोही बंद राहत असे. अशा या आडबाजूच्या बंदरात ब्रिटिश सरकारने राजकीय व्यक्तींना स्थानबद्ध ठेवले.

== थिबा राजवाडा ==
ब्रह्मदेशाचा (आताचा म्यानमार) अखेरचा राजा थिबा याला १८८५ मध्ये पदच्युत करण्यात आले व १८८६ मध्ये कुटुंबासह रत्नागिरीस आणण्यात आले. भाट्ये खाडीच्या दिशेने उभा असलेला हा राजवाडा त्याच्यासाठी बांधला गेला. मात्र तेथे राहावयास जाण्यास १९१० साल उजाडले आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजाचे निधन झाले. जांभा दगड, सागवानी लाकूड, उतरती छपरे व रंगीत काचा ही वास्तूची वैशिष्ट्ये होत. येथे आता पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. राणी सुपायालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. थिबा व धाकटी राणी सुपायागले यांची समाधी मात्र रत्नागिरीतच राहिली. ती राजवाड्याच्या आवारात नसून शिवाजीनगर भागात असल्याने सहज नजरेतून सुटते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तिला भेट दिली.

== पतितपावन मंदिर व टिळक जन्मस्थान ==
विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्यास मनाई असल्याने त्यांनी सामाजिक सुधारणेचे कार्य हाती घेतले. त्यांच्या प्रेरणेने भागोजी कीर यांनी स्वखर्चाने बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले. मंदिरप्रवेशासाठी अन्यत्र सत्याग्रह करावे लागत होते, हे ध्यानात घेता या साध्या दिसणाऱ्या मंदिराचे महत्त्व कळते. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी झाला ते कौलारू घर टिळक आळीत असून स्मारक म्हणून जतन केले आहे.

== किल्ला व किनारे ==
घोड्याच्या नालेच्या आकाराचा रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर असून दीपगृह वेगळ्या टेकडीवर आहे. किल्ल्याच्या भूशिराच्या एका अंगास मांडवीचा ‘काळा समुद्र’, तर दुसऱ्या अंगास मिऱ्याकडील ‘पांढरा समुद्र’ आहे. ही नावे वाळूच्या रंगावरून पडली. लगतचे मिरकरवाडा हे मासेमारी बंदर नौका परतण्याच्या वेळी पाहण्याजोगे असते. जून व जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीस बंदी असल्याने तेव्हा नौका बंदरातच असतात.

== कातळशिल्पे ==
परिसरातील जांभ्याच्या सड्यांवर प्राणी व मानवाकृतींची प्राचीन खोदचित्रे आढळतात. तालुक्यातील उक्षी व जांभरूण यांसह कोकणातील निवडक स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. उक्षी येथील हत्तीचे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे. ही शिल्पे उघड्या कातळावर असल्याने चिरेखाणी, रस्ते व बांधकामांचा त्यांना धोका आहे. शिल्पाच्या रेषांवर पाय देऊ नये.