एक लाख गावकऱ्यांची तोंडं तपासली, निकाल छापला. पण गावाला सांगितलं कोणी?

१९७२ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये एक पेपर आला. त्याच्या शीर्षकातच आकडा आहे: महाराष्ट्रातले १,०१,७६१ गावकरी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत घरोघरी जाऊन माणसांची तोंडं तपासली. कोण तंबाखू-चुना खातं, कोण विडी ओढतं, कोण मशेरी लावतं, कुणाच्या गालात पांढरा चट्टा आहे, हे सगळं लिहून घेतलं. कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग सोबत होते.

एक लाख माणसं म्हणजे तेव्हाचा अख्खा तालुकाच. आपल्याच आज्या-पणज्या, आजोबा-पणजोबा. त्यांनी तोंड उघडून दाखवलं आणि त्यातून जगाला ज्ञान मिळालं. ते छापलं गेलं इंग्रजीत, परदेशी जर्नलमध्ये. मंचर किंवा दौंडच्या डॉक्टरला तो अंक बघायला तरी मिळाला असेल का?

आज हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे आपल्याकडे 'अलीकडे कळलं' असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. कळलं होतं फार आधी. पोचलं फार उशिरा.

१९३३ मध्ये डॉ. ऑर यांनी त्रावणकोरमधल्या पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कॅन्सरवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळेची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा पेपर 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. रुग्णांच्या सवयी इतरांच्या सवयींशी ताडून त्यांनी दाखवलं की तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या कॅन्सरशी आहे आणि विडीचा घशाच्या आतल्या भागाच्या कॅन्सरशी.

तारीख लक्षात घ्या. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा डॉल आणि हिल यांचा गाजलेला पेपर याच जर्नलमध्ये १९५० साली आला होता. म्हणजे मुंबईचे संशोधक लंडनच्या फक्त पाच वर्षं मागे होते. पण डॉल-हिलचा पेपर जिथल्या लोकांबद्दल होता, त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेत छापला गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाल्याला उचलता येत होता. आपला पेपर सातासमुद्रापार छापून जहाजाने मुंबईला परत यायचा आणि मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत बांधणी होऊन बसायचा.

मग इथेच जर्नल का काढलं नाही? काढलं की. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने 'इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर' सुरू केलं. यामागे डॉ. जस्सावाला होते. पण संशोधकाची बढती, निधी आणि नाव परदेशी जर्नलवर ठरायचं. त्यामुळे उत्तम काम बाहेर जायचं. संशोधकांना दोष द्यायचा नाही, व्यवस्थाच तशी होती. आजही फार बदललेली नाही.

त्याच काळात जर्नल हा मोठा धंदा झाला. रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या 'पर्गमॉन प्रेस'ने एक गोष्ट ओळखली होती. लेखक लेखाचे पैसे मागत नाही, तपासणारे तज्ज्ञ बहुधा फुकट तपासतात आणि लायब्ररीला अंक घ्यावाच लागतो. १९६५ मध्ये सुरू झालेलं 'युरोपियन जर्नल ऑफ कॅन्सर' पर्गमॉनचंच. १९९१ मध्ये ही कंपनी 'एल्सव्हिअर'ने विकत घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं. जर्नलची वर्गणी डॉलर-पौंडात आणि लायब्ररीचं अनुदान रुपयात. मग अनेक कॉलेजांना जर्नलं बंद करावी लागली.

आता दुसरी बाजू, कारण नुसती जर्नलांना शिवी देणं सोपं आहे. ती नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८५ च्या अहवालात तंबाखू घातलेल्या पानाने माणसाला कॅन्सर होतो असं जाहीर केलं. २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही त्याच यादीत टाकलं. हे ठरवताना छापून आलेले पेपर पुढ्यात ठेवतात, ऐकीव गोष्टी नाहीत. गुटख्याविरुद्धच्या लढाईतही वजन छापील पुराव्याचंच होतं. महाराष्ट्र सरकारने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अधिकाराच्या मुद्द्यावर पडली. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांच्या आधारे जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. (टपरीवर काय चालतं ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. तो वेगळा विषय.)

हिशोब करा. १९५५ ते २०१२, सत्तावन्न वर्षं. मधल्या काळात तर गुटख्याची पुडी बाजारात आली आणि पाचवी-सहावीतल्या पोरांच्या खिशात गेली. सरकारं, कंपन्या, महसूल, सगळ्यांचा यात वाटा आहे. पण एक कारण आपण कधी मोजत नाही: ज्याच्या तोंडातला पुरावा होता, त्याला तो कोणी वाचून दाखवला नाही.

वाचून दाखवलं तर काय होतं? याचंही उत्तर छापलेलं आहे. टीआयएफआरच्याच पथकाने केरळमधला एर्नाकुलम, गुजरातमधला भावनगर आणि आंध्रमधला श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत छत्तीस हजार तंबाखूवाल्यांना गाठलं. माणसागणिक बसून समजावलं, सिनेमा, रेडिओसारखी साधनं वापरली. पाच वर्षांनंतरचा निकाल १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सवय सोडणारे आणि कमी करणारे वाढले, तोंडातले पांढरे चट्टे नव्याने येण्याचं प्रमाण घटलं. ना महागडं औषध, ना मशीन. लोकांना त्यांच्या भाषेत नीट सांगितलं, एवढंच.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा पेपर हाच. आणि आपण त्याच्यापासून सर्वांत कमी शिकलो.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. संघवी-खानोलकरांचा १९५५ चा पेपर आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मुंबईच्याच 'मेडनो' या प्रकाशन संस्थेने डॉ. साहू यांच्या पुढाकाराने अनेक भारतीय वैद्यकीय जर्नलं लेखकाकडूनही पैसे न घेता वाचकांना खुली केली. पुढे २०११ मध्ये तीही एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं. सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांना याचा मोठा फायदा आहे. तालुक्यातला खासगी डॉक्टर, पत्रकार, आशाताई मात्र त्यात नाहीत. आणि जिथे वाचकाला फुकट, तिथे बऱ्याच वेळा लेखकाकडून काही लाख रुपये घेतात. आधी दार वाचकाला बंद होतं, आता लहान संस्थेतल्या संशोधकाला बंद होतंय.

आणि समजा, उद्या सगळं फुकट झालं, तरी ते इंग्रजीतच राहणार. मशेरी लावणाऱ्या मावशीच्या ते काय कामाचं?

म्हणून मागणी साधी आहे. ज्या संशोधनात महाराष्ट्रातली माणसं तपासली जातात आणि ज्याला सार्वजनिक पैसा लागतो, त्याचा पेपर छापून आला की सोबत एक पान मराठीत निघालंच पाहिजे. काय शोधलं, काय सापडलं, तुम्ही काय करायचं. ते पान त्याच गावांच्या ग्रामपंचायतीत लागलं पाहिजे, ग्रामसभेत वाचलं गेलं पाहिजे. निधी देताना ही अट घालायला फार खर्च येत नाही. सहा हजार कोटींतला चिल्लरही पुरेल.

आपल्या भागात एखादं आरोग्य सर्वेक्षण झालं असेल, घरी येऊन कुणी तपासणी केली असेल, तर विचारा: त्याचं पुढे काय झालं, निकाल कुठे छापला, आम्हाला कधी सांगणार? हा आगाऊपणा नाही. तोंड आपलं तपासलंय.