टरबाइनांचे कार्यमान-निरीक्षण व देखभाल : नांदेड-लातूर परिसर

वाहत्या वाफेतील, वायूतील वा पाण्यातील ऊर्जा फिरत्या पात्यांच्या द्वारे यांत्रिक कार्यात रूपांतरित करणाऱ्या यंत्राचे दाब, तापमान, प्रवाह, शक्ती व कंपन नियमितपणे मोजणे, त्यांवरून यंत्र न उघडता त्याची अंतर्गत अवस्था ओळखणे आणि ते दुरुस्तीसाठी केव्हा थांबवावे हे ठरविणे, यास कार्यमान-निरीक्षण म्हणतात. मोठ्या टरबाइनाचे आवरण उघडून घूर्णक, म्हणजे पात्यांसह फिरणारा भाग, बाहेर काढणे हे काही आठवड्यांचे काम असते. ते विनाकारण केल्यास उत्पादन बुडते, शिवाय नीट चालणाऱ्या यंत्रात फेरजुळणी करताना नवे दोष शिरण्याचा धोका असतो. ते टाळत गेल्यास थांबण्याची वेळ यंत्र स्वतःच निवडते आणि ती बहुधा सर्वांत गैरसोयीची असते. मराठवाड्यात या प्रश्नाला उसाचा हंगाम व पाण्याची टंचाई यांनी वेगळे वळण दिले.

चार्ल्स पार्सन्झ यांनी १८८४ मध्ये आपले वाफ टरबाइन चालविले, त्यानंतर दीर्घकाळ टरबाइनाची पारख अनुभवी कारागिराच्या कानावर व तळहातावर अवलंबून होती. लोखंडी कांबेचे एक टोक धारव्याच्या (फिरत्या दंडाला आधार देणाऱ्या भागाच्या) कवचावर व दुसरे कानाशी धरून तो आतील आवाज ऐके. ही पद्धत हास्यास्पद नव्हती. तिच्यात उणीव होती ती एवढीच, की आजचा आवाज सहा महिन्यांपूर्वीच्या आवाजाशी ताडून पाहता येत नसे. टी. सी. रॅथबोन यांनी १९३९ मध्ये यंत्रकंपनाच्या सह्य मर्यादांचा तक्ता प्रसिद्ध केला व कंपनाला अंकांचे रूप मिळाले. अशा मर्यादांचे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ मध्ये निघाले. दरम्यान दंडाला स्पर्श न करता त्याचे विस्थापन मोजणारे संवेदक प्रचारात आले आणि कूली व टूकी यांच्या १९६५ मधील गणनपद्धतीमुळे कंपनाचे घटक-कंप्रतांत विश्लेषण जलद करणे शक्य झाले. दर मिनिटास ३,००० फेरे करणाऱ्या संचात ५० हर्ट्‌झ कंप्रतेचे कंपन वाढल्यास प्रथम असंतुलनाचा, त्याच्या दुप्पट कंप्रतेचे वाढल्यास दंडांच्या सदोष जुळणीचा आणि निम्म्याहून किंचित कमी कंप्रतेचे दिसल्यास धारव्यातील तेलाच्या अस्थिर थराचा संशय घेतात.

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मोठे औष्णिक विद्युत् केंद्र नाही. या भागातील मोठ्या टरबाइनांचा इतिहास लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे घडला. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाने तेथे १९७१ मध्ये ३० मेगावॉटचे संच सुरू केले. त्यानंतर २१० मेगावॉटचे तीन संच अनुक्रमे १९८०, १९८५ व १९८७ मध्ये उभे राहिले. मंडळाच्या २००५ मधील विभाजनानंतर केंद्र महानिर्मिती कंपनीकडे गेले व २५० मेगावॉटचे संच २००७, २०१० आणि २०१६ मध्ये कार्यान्वित झाले. जुने ३० व २१० मेगावॉटचे संच आता निवृत्त झाले आहेत.

अशा केंद्रात पूर्वी थांबण्याची वेळ पंचांग पाहून ठरे, असे म्हणण्यास हरकत नाही. बाष्पित्राची तपासणी १९२३ च्या कायद्यानुसार ठराविक मुदतीने करावी लागे; त्या सुटीत टरबाइनाची किरकोळ तपासणी व काही वर्षांच्या अंतराने संपूर्ण उघडणी होई. मुदतीवर आधारलेली ही रीत सर्वच घटकांना हितावह नसते, हे नोलन व हीप यांनी विमानांच्या देखभालीच्या अभ्यासावरून १९७८ मध्ये दाखवून दिले. उलट दिशेचा धडा अपघातांनी दिला. अमेरिकेतील गॅलटिन येथे १९७४ मध्ये संच सुरू करताना घूर्णक फुटला. उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी टरबाइनाच्या शेवटच्या टप्प्यातील दोन पाती शिणून तुटली. असंतुलनाच्या हादऱ्यांनी जनित्रातील हायड्रोजन बाहेर पडून आग लागली व केंद्राचा अंतर्गत वीजपुरवठा कित्येक तास बंद राहिला.

कंपन हे धोक्याची सूचना देते. इंधनाचा अपव्यय मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी ऊष्मागतिकीय मापन करावे लागते. उच्च दाबाच्या सिलिंडरात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या वाफेचे दाब व तापमान अचूक मोजले, तर वाफ-कोष्टकांवरून त्याची कार्यक्षमता काढता येते. बाहेर पडणाऱ्या वाफेचे तापमान पूर्वीपेक्षा चढे असेल, तर वाफ काम न करताच निसटते आहे, म्हणजे गळतीरोधक कडा झिजल्या आहेत वा पात्यांवर पुटे चढली आहेत, असा अर्थ होतो. कमी दाबाच्या सिलिंडरातून ओली वाफ बाहेर पडते. तेथे तापमानावरून आर्द्रता कळत नसल्याने ही सुटसुटीत पद्धत लागू पडत नाही व संपूर्ण चक्राचा ऊष्मा-हिशेब मांडावा लागतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सर्वांत बोलका आकडा संघनकातील निर्वाताचा होय. पाऱ्याच्या सु. १० मिमी. एवढा निर्वात घटला, तर २१० मेगावॉटच्या संचात त्याच विजेसाठी सु. एक टक्का अधिक उष्णता खर्च होते. पण निर्वात का घटला, हे ओळखल्याशिवाय दुरुस्तीचा निर्णय घेता येत नाही. थंड करण्यासाठी येणारे पाणीच अधिक उष्ण असेल, तर दोष शीतन मनोऱ्याकडे वा हवामानाकडे जातो. पाण्याची आत-बाहेरच्या तापमानातील वाढ नेहमीपेक्षा अधिक असेल, तर पाणी कमी पडते आहे. संघनकातील वाफेचे तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान यांतील अंतर वाढले, तर नळ्यांवर गाळ वा क्षारांचे पुट बसले आहे किंवा हवा आत शिरत आहे. संघनित पाणी वाफेपेक्षा बरेच थंड व ऑक्सिजनयुक्त आढळल्यास हवेचा पक्ष बळावतो. नळ्या साफ करण्यासाठी संच थांबवावा किंवा त्याचा भार उतरवावा लागतो. हवेची गळती मात्र चालू यंत्रावरही शोधता येते. चार तापमानमापकांच्या भरवशावर हा निर्णय होत असल्याने मापकांचे अंशांकन हेच निरीक्षणातील पहिले काम ठरते. ते वारंवार दुर्लक्षिले जाते.

साखर कारखान्यांतील टरबाइने लहान असली, तरी त्यांच्या थांबण्याची झळ थेट शेतापर्यंत पोहोचते. लातूर जिल्ह्यातील मांजरा, नांदेड जिल्ह्यातील भाऊराव चव्हाण इ. सहकारी कारखान्यांच्या परिसरात गाळप साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात चालते. तोडलेल्या उसातील साखर दिवसागणिक घटते व वजनही कमी होते. त्यामुळे ऐन हंगामात गाळप बंद पडले, तर फडात आणि गाडीत पडलेल्या उसाचे नुकसान होते. येथील पारंपरिक टरबाइने प्रतिदाबाची असत : त्यांतून बाहेर पडणारी, वातावरणाहून थोड्या अधिक दाबाची वाफ रस आटविण्यासाठी वापरली जाई. संघनक नसल्याने निर्वाताचा आकडा येथे उपयोगी पडत नाही. त्याऐवजी दर किलोवॉट-तासामागे किती वाफ लागते आणि ठराविक प्रवाहाला पहिल्या टप्प्यानंतरचा दाब किती चढतो, हे पाहतात. हा दाब हळूहळू चढत गेला, तर पुढील पात्यांमधील वाट क्षारांनी अरुंद होत आहे असे समजावे.

या पुटांचे मूळ बऱ्याचदा टरबाइनात नसून रस आटविण्याच्या भांड्यांत असते. तेथून परत येणाऱ्या संघनित पाण्यात रसाचा अंश मिसळला, तर बाष्पित्रात फेस येतो व वाफेबरोबर क्षार पात्यांपर्यंत जातात. म्हणून पाण्यातील साखर ओळखण्याची आल्फा-नॅप्थॉल चाचणी दर पाळीत अनेकदा करतात. परीक्षानळीतील जांभळे कडे पाहून पाणी वेळीच वळविणारा प्रयोगशाळा-साहाय्यक टरबाइनाची जी देखभाल करतो, ती हंगामानंतरच्या मोठ्या दुरुस्तीने भरून येत नाही.

कारखान्याला पावसाळ्याची सुटी मिळते. परळीला ती दुष्काळाने दिली. केंद्राचे पाणी मुख्यतः गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून येते. पाणी संपल्यामुळे फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाचे १,१३० मेगावॉट क्षमतेचे संपूर्ण केंद्र बंद करावे लागले आणि जुलै २०१५ पासून पुन्हा तीच वेळ आली. दीर्घकाळ उभे असलेले टरबाइन सुरक्षित असते, हा समज चुकीचा आहे. आतील दमट हवा व पात्यांवरील क्लोराइडे यांमुळे पोलादावर बारीक खळगे पडतात आणि यंत्र पुन्हा फिरू लागल्यावर त्यांतून तडे वाढू शकतात. म्हणून अशा काळात आत कोरडी हवा खेळती ठेवणे व घूर्णक अधूनमधून फिरविणे आवश्यक असते. थांबण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवसांतील नोंदी याच वेळी मोलाच्या ठरतात. फेरसुरुवातीनंतरची कंपने व कार्यक्षमता त्यांच्याशीच ताडून पाहावी लागते.

याउलट प्रसंग २०२१-२२ च्या हंगामात आला. चांगल्या पावसामुळे मराठवाड्यात ऊस अमाप झाला, तोडीची पाळी न आलेले शेतकरी मे महिन्यातही वाट पाहत होते आणि काही कारखान्यांचे गाळप जूनपर्यंत लांबले. उशिरा गाळलेल्या उसाच्या उताऱ्यातील घट व लांबची वाहतूक यांसाठी शासनाला अनुदान द्यावे लागले. पाच-सहा महिन्यांच्या हिशेबाने सज्ज केलेली यंत्रे अशा वेळी किती ताणता येतील, हे दुरुस्तीच्या वेळापत्रकावरून कळत नाही. हंगामाच्या आरंभापासूनच्या दाब-तापमानाच्या नोंदी असतील, तरच कळते. सहवीजनिर्मितीच्या नव्या कारखान्यांत उच्च दाबाचा एकच मोठा संच वीज पुरवितो व चरकांना विजेची चलित्रे बसविलेली असतात. जुन्या कारखान्यात एका चरकाचे टरबाइन बिघडल्यास उरलेल्या चरकांवर गाळप कसेबसे चालू ठेवता येई. नव्या कारखान्यात मुख्य संच थांबल्यास चरक चालविण्यासाठी बाहेरून वीज घ्यावी लागते आणि रस आटविण्याची वाफ दाब-घट झडपेतून न्यावी लागते.