विमानातील विजेचे नियंत्रण : पाऱ्याच्या पात्रापासून अर्धवाहकापर्यंत

विजेवर चालणारे विमान ही अगदी अलीकडची कल्पना आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात माणूस विजेच्या बळावर आकाशात फिरला तो राइट बंधूंच्या उड्डाणाच्या वीस वर्षे आधी. ८ ऑक्टोबर १८८३ रोजी गास्तों तिसांदिए आणि त्याचा भाऊ आल्बेर यांनी पॅरिसमधील ओतय येथून एक वायुयान वर नेले. यान हायड्रोजनने भरलेले होते. त्याचा पंखा सीमेन्स कंपनीची सुमारे दीड अश्वशक्तीची मोटर फिरवीत होती आणि मोटरला वीज पुरवीत होते बायक्रोमेटचे २४ घट.

या यानातील एका लहानशा व्यवस्थेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पंख्याचा वेग कमी-जास्त कसा करायचा? तिसांदिएने पाऱ्याने भरलेल्या पात्राचा उपयोग करून एक बदलकळ बनवली होती. तिच्या साहाय्याने ६, १२, १८ किंवा २४ घट एकसरीत जोडता येत. त्यामुळे पंख्याला मिनिटाला ६० ते १८० फेऱ्यांच्या दरम्यान चार वेग मिळत. घट जे देतात आणि मोटरला जे हवे असते, त्यांची सांगड घालण्याचे काम ही कळ करीत होती. आज हेच काम जी उपकरणे करतात त्यांना शक्ती परिवर्तक म्हणतात.

या कळीची मर्यादा उघड आहे. वेग फक्त चार, मधला एकही नाही. दुसरा मार्ग म्हणजे मोटरच्या मार्गात एक रोध घालणे. आपल्याकडील जुन्या छताच्या पंख्यांचे रेग्युलेटर असेच असत आणि हात लावला की गरम लागत. घरात ती उष्णता वाया गेली तर बिल थोडे वाढते. विमानात मात्र वाया गेलेल्या विजेसाठीही घट वाहून न्यावे लागतात. त्यामुळे तेथे ही उधळपट्टी परवडत नाही.

पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १८८४ रोजी, रनार आणि क्रेब्स या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांनी ‘ला फ्रान्स’ हे विजेवरचे वायुयान सुमारे ८ किलोमीटर फिरवून २३ मिनिटांत निघाल्या जागी परत आणले. पण घटांचे वजन आड आले आणि पेट्रोलच्या इंजिनाने बाजी मारली. विमानात वीज उरली ती दिवे, रेडिओ आणि उपकरणे यांच्यापुरती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बहुतेक विमानांत २८ व्होल्टचा दिष्ट प्रवाह असे. गरज वाढली तशी मोठ्या विमानांत ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. घरातील वीज ५० हर्ट्झची असताना येथे ४०० का? वारंवारता जास्त असली की रोहित्राचा लोखंडी गाभा लहान चालतो, म्हणजे वजन वाचते. पण जनित्राची वारंवारता त्याच्या फिरण्याच्या वेगावर ठरते आणि विमानाचे इंजिन तर सतत वेग बदलत असते. म्हणून इंजिन आणि जनित्र यांच्यामध्ये तेलाच्या दाबावर चालणारी एक यंत्रणा बसवावी लागली. इंजिन कसेही फिरो, ती जनित्राला एकाच वेगाने फिरवी. विजेवरचे नियंत्रण अजूनही तेल आणि दातेरी चाके यांच्याच हाती होते.

हे चित्र अर्धवाहकांनी बदलले. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत मोठे प्रवाह हाताळणारा थायरिस्टर. अर्धवाहकाची कळ सेकंदाला हजारो वेळा उघडता-मिटता येते. ती निम्मा वेळ मिटलेली म्हणजे जोडलेली ठेवली, तर मोटरला सरासरीने निम्मा दाब मिळतो. पाव वेळ ठेवली तर पाव. कळ पूर्ण उघडी असताना तिच्यातून प्रवाह नसतो आणि पूर्ण मिटलेली असताना तिच्यावर दाब जवळजवळ नसतो. त्यामुळे दोन्ही वेळा उष्णता थोडीच निर्माण होते. तिसांदिएच्या चार पायऱ्यांच्या जागी आता हवा तो वेग मिळू लागला. शिवाय बाहेर पडणारा दाब मोजून त्याप्रमाणे कळीची वेळ आपोआप बदलणारी नियंत्रण यंत्रणाही जोडता आली. आत येणारा दाब घटला तरी बाहेरचा दाब जागच्या जागी राहतो.

पण याच आज्ञाधारकपणात एक अडचण लपलेली होती. समजा, १० ओहमचा साधा रोध १०० व्होल्टला जोडला आहे. त्यातून १० अँपिअर प्रवाह जातो. दाब ८० व्होल्ट झाला की प्रवाह ८ अँपिअर होतो. आता रोधाऐवजी १००० वॅट शक्ती देणारा परिवर्तक घ्या. १०० व्होल्टला तोही १० अँपिअरच घेतो. परंतु दाब ८० व्होल्टवर आला तरी त्याला १००० वॅट पुरवायचेच आहेत. म्हणून तो १२.५ अँपिअर ओढतो. दाब कमी, प्रवाह जास्त! उन्हाळ्यात नळाचा दाब कमी झाला की प्रत्येक घर वाहिनीला पंप लावते आणि दाब आणखीच कमी होतो, तसेच हे. असा परिवर्तक ऋण रोधासारखा वागतो.

कळीच्या उघडझापीचा गोंगाट तारांत पसरू नये म्हणून परिवर्तकाच्या तोंडाशी वेटोळे आणि धारित्र यांची गाळणी बसवतात. या जोडीत ऊर्जा झोपाळ्यासारखी इकडून तिकडे हेलकावते. साधा रोध हे हेलकावे शमवतो. ऋण रोध मात्र प्रत्येक हेलकाव्याला आणखी एक झोका देतो. गाळणी निर्दोष, परिवर्तकही निर्दोष, पण दोन्ही एकत्र जोडले की दाब थरथरू लागतो.

अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेतील प्राध्यापक डेव्हिड मिडलब्रूक यांनी १९७६ साली या प्रश्नाची व्यवस्थित उकल केली. गाळणीचा संरोध परिवर्तकाच्या संरोधापेक्षा पुष्कळ लहान ठेवला, तर हेलकावे माजत नाहीत, असा त्यांचा निकष होता. त्यासाठी मोठी धारित्रे किंवा शमन करणारे रोध लागतात, म्हणजे पुन्हा वजन आलेच. म्हणून नियंत्रणाची रीतच बदलून, दाब थरथरू लागताच परिवर्तकाने आपला हट्ट क्षणभर सैल करावा, अशी योजनाही करतात.

प्रवासी विमानांत या प्रश्नाचे महत्त्व वाढले ते २०११ साली सेवेत आलेल्या बोइंग ७८७ मुळे. त्याच्या इंजिनांवर प्रत्येकी २५० किलोव्होल्ट-अँपिअरची चार जनित्रे आहेत. कक्षात हवा भरणे, पंखांवर बर्फ धरू न देणे ही कामे इंजिनातील गरम हवेऐवजी तेथे वीज करते. वेग स्थिर ठेवणारी तेलाची यंत्रणा काढून टाकली आहे. वारंवारता बदलती असते आणि परिवर्तक तिला वळण लावतात.

नियंत्रण चाकांकडून आज्ञावलीकडे गेले, तसे दोषही तेथे गेले. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने एक आदेश काढला. या विमानाची वीज सलग २४८ दिवस बंद न करता चालू राहिली, तर जनित्रांच्या नियंत्रकांतील मोजणी करणारा अंक भरून वाहील आणि चारही जनित्रांचे नियंत्रक एकदम काम थांबवू शकतील, असे आढळले होते. उपाय सोपा होता. मुदतीपूर्वी वीज एकदा बंद करून पुन्हा चालू करायची आणि पुढे आज्ञावली सुधारायची. २४८ च का? दोनचा एकतिसावा घात, म्हणजे २१४,७४,८३,६४८, इतके सेकंदाचे शंभरावे भाग घ्या आणि त्यांचे दिवस करा. उत्तर २४८ पेक्षा थोडे जास्त येते.

जून २०२० मध्ये ‘वेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनी विमानाला युरोपात प्रमाणपत्र मिळाले. पूर्णपणे विजेवर चालणारे, असे प्रमाणपत्र मिळवणारे ते पहिलेच विमान. तिसांदिएची कळ हाताने बदलली जात होती आणि चुकली तर यान फार तर मंदावले असते. आजची कळ स्वतः निर्णय घेते. म्हणून ती एकटी कशी वागते एवढे तपासून भागत नाही. इतरांशी जोडल्यावर ती कशी वागते, हेही तपासावे लागते. ओहमचा नियम शिकवून झाल्यावर वर्गात वरील १००० वॅटचे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे. दाब कमी झाल्यावर प्रवाह वाढलेला पाहून विद्यार्थी नक्कीच प्रश्न विचारतील आणि धडा तेथून पुढे जाईल.