कांदा, मासे आणि रिकामे गाळे

सिअ‍ॅटलला कुणी पाहुणे आले की आम्हां आयटीवाल्यांची पाइक प्लेस मार्केटची फेरी ठरलेली. हवेत फेकले जाणारे मासे बघायचे, 'पहिल्या' स्टारबक्सबाहेर रांग लावायची (खरं तर १९७१चं मूळ दुकान वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर होतं, इथे ते नंतर आलं), फोटो काढायचे, की झालं. मीही बरेच दिवस एवढंच करत होतो. मग एका वीकेंडला या मंडईचा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात झाली ती चक्क कांद्यावरून! १९०६-०७ च्या सुमारास इथे कांद्याचे भाव दहापट वाढले असं सांगतात. कांद्यावरून राजकारण तापतं हे आपल्याला काय नवीन? कारणही ओळखीचंच. शेतकरी माल दलालाकडे टाकणार, भाव दलाल ठरवणार, आणि गिऱ्हाईक अव्वाच्या सव्वा मोजणार. थॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकाने तोडगा काढला : शेतकऱ्यांना रस्त्यावर थेट विकू द्या. १७ ऑगस्ट १९०७, शनिवार. शेतकऱ्यांच्या मोजक्याच गाड्या आल्या, पण गर्दी एवढी लोटली की दुपारच्या आत सगळा माल खलास. 'मीट द प्रोड्यूसर', म्हणजे पिकवणाऱ्याला भेटा, हे या बाजाराचं ब्रीद तिथूनच आलं.

आता हा पिकवणारा कोण? तर मोठ्या प्रमाणावर जपानी. या स्थलांतरितांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळत नव्हतं, आणि १९२१ च्या वॉशिंग्टनच्या कायद्याने त्यांना जमीन घेणंही बंद केलं. तरी ही माणसं आजूबाजूच्या खोऱ्यांत भाजी पिकवत राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इथले निम्म्याहून जास्त गाळे जपानी कुटुंबांचे होते.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं. १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्टनी हुकूम काढला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. सिअ‍ॅटलच्या लोकांना आधी जवळच्या प्युअ‍ॅलपच्या जत्रेच्या मैदानात ठेवलं, मग आयडाहोतल्या मिनिडोकाला धाडलं. गाळे रिकामे झाले. युद्धानंतर कित्येकजण परतलेच नाहीत. सरकारने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर द्यायचं ठरवलं, ते १९८८ साली.

पुढे सुपरमार्केटं आली, बाजार आणखी खंगला आणि १९६० च्या दशकात तो पाडायचा बेत शिजला. व्हिक्टर स्टाइनब्रूक या वास्तुविशारदाने लोकांना उभं केलं आणि २ नोव्हेंबर १९७१ च्या मतदानात सिअ‍ॅटलकरांनी मंडई वाचवली. ही गोष्ट इथे सगळे अभिमानाने सांगतात, आणि सांगावीच. पण इमारतीसाठी मतपेटीपर्यंत गेलेल्या या शहरात तीसच वर्षं आधी माणसं नेली जात होती, तेव्हा आवाज उठवणारे फारच थोडे होते.

मुख्य प्रवेशाजवळ वरच्या बाजूला आकी सोगाबे या चित्रकर्तीची पाच चित्रं आहेत, १९९९ साली लावलेली. जपानी शेतकऱ्यांचं शेत, त्यांचे गाळे, आणि मग ते गेल्यानंतरची पोकळी. खाली माशांचा कल्ला चालू असतो, त्यामुळे मान वर करून बघणारे थोडेच. तुम्ही गेलात तर जरूर बघा. १९४२ च्या त्या उन्हाळ्यात 'पिकवणाऱ्याला भेटा' हे ब्रीद तसंच होतं. भेटायला पिकवणारा तेवढा नव्हता.